अकरावा मुद्दा

बाबूगुरुजी माझ्या दुकानाच्या काचेसमोर उभे राहून आतून चिकटवलेली पत्रिका वाचत होते. बार्शीच्या बसस्टँडसमोर मी संगणकावर पत्रिका करून द्यायचं दुकान काढलं, त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत गुरुजींनी माझ्या पायरीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. पाहतील कसे? ज्या पत्रिकेला त्यांना पंचांग, पेन्सिल आणि दोन दिवस लागत, ती मी पाच मिनिटांत छापून देत होते, वर गणपतीचं चित्र फुकट. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली होती आणि मला त्याचा, खोटं कशाला सांगू, आनंद होत होता. त्यामुळे ते थांबलेले दिसल्यावर मला वाटलं, आले एकदाचे म्हातारबुवा वळणावर.

ते आत आले, पण बसले नाहीत. काचेकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "ही मुलगी दुपारची का?"

"कुठली?"

"जिची पत्रिका नमुना म्हणून लावलीय ती."

"नाही हो गुरुजी. रात्री बारा वीसचा जन्म आहे. तिथं छापलंय की."

"छापलंय ते वाचलं मी. मग रवी दशमात कसा?"

मला दशम कळत नव्हतं आणि तिथं रवी का नसावा हेही कळत नव्हतं. मी बी.कॉम. झालेली, टायपिंगच्या दोन परीक्षा दिलेली बाई. तारीख, वेळ आणि गाव भरायचं, बटण दाबायचं, एवढंच माझं ज्योतिष. गुरुजींनी ते ओळखलं असावं. ते सावकाश म्हणाले, "दशम म्हणजे डोक्यावरचं आकाश, बाई. दुपारी बाराला जन्मलेल्याचा सूर्य तिथं असतो. मध्यरात्री जन्मलेल्याचा सूर्य पायाखाली, चौथ्या घरात. पत्रिका हातात घेतली की आम्ही आधी तेच बघतो."

ते हसले असते तर मी भांडले असते. पण ते हसत नव्हते. मी खुर्ची पुढे सरकवली आणि हीच पत्रिका हातानं मांडून द्या म्हणून सांगितलं. त्यांनी पिशवीतून पंचांगाच्या जुन्या वह्या काढल्या आणि तासाभरात माझ्याच बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पत्रिका मांडली. मग चष्मा काढून म्हणाले, "नक्षत्र हस्त. तुमच्या कागदावर चित्रा आलंय. तुमच्या यंत्रानं रात्रीचे बारा ते दुपारचे बारा धरलेत. रास कन्याच राहिली, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नसेल."

"आणि नाड?" मी विचारलं. 

"हस्ताची आद्य. चित्राची मध्य."

ती पत्रिका माझ्या धाकट्या बहिणीची होती, नलूची. छपाई सुबक आली होती म्हणून नाव कापून मी ती काचेवर लावली होती.

आई-वडील लवकर गेले आणि नलूला मीच मोठं केलं. ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तिचं शिक्षण, घर, दुकान या रगाड्यात माझं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल मी कुणाकडे कधी तक्रार केली नाही. नलूला मात्र अधूनमधून ऐकवत असे. बी.ए. झाल्यावर ती दुकानात माझ्या मदतीला बसायची. फोन घेणं, टपाल फोडणं, तयार पत्रिकांना पिवळी फीत बांधणं तिच्याकडे होतं. त्या वर्षी जानेवारीत तिला उस्मानाबादचं स्थळ आलं. शिरीष नाव, हायस्कूलमध्ये गणिताचा शिक्षक. बघायला आला तेव्हा दोघं बाहेरच्या खोलीत इतका वेळ बोलत बसली की चहा दोनदा करावा लागला. पंधरा दिवसांनी तो कसलंसं वह्यांचं निमित्त काढून एकटाच बार्शीला येऊन गेला. नलू भांडी घासताना गाणी म्हणायला लागली. माझ्या घरात तोपर्यंत कुणी गाणी म्हणत नसे.

सुपारीची बोलणी निघाली तेव्हा शिरीषच्या आईनं एवढंच सांगितलं की एकदा मुलीची पत्रिका दाखवा. वडिलांचा विश्वास नसल्यामुळे नलूची पत्रिका कधी केलेलीच नव्हती, आईनं वहीत फक्त तारीख आणि वेळ लिहून ठेवली होती. "तुमच्या तिथल्या गुरुजींकडून करून आणा," असं त्या माउलीनं सांगितलंही होतं. पण घरात पत्रिकेचं दुकान असताना मी गुरुजींच्या दारात कशाला जाऊ? मी सोळा पानी पत्रिका छापली, प्लॅस्टिकचं कव्हर घातलं आणि मोठ्या तोऱ्यात पाठवून दिली. आठव्या दिवशी उत्तर आलं. मुलाची नाड मध्य, मुलीची मध्य, एकनाड. संततीचा प्रश्न आहे, तेव्हा राग मानू नये.

नलू रडली नाही. गाणी तेवढी बंद झाली.

हे सगळं गुरुजींनी लिहिलेल्या त्या पानाकडे बघत असताना माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी दुकान तसंच, जेवून परत आलेल्या नलूच्या भरवशावर टाकलं, तिला काही सांगितलं नाही, आणि मिळाली ती एसटी पकडून उस्मानाबादला गेले. शिरीषच्या घरासमोर मांडवाचे खांब रोवणं चालू होतं. त्याच्या आईनं मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, गुरुजींचा कागद दोनदा वाचला आणि घडी करून माझ्या हातात परत ठेवला.

"बाई, परवा हळद आहे," त्या म्हणाल्या. "आता हे मला कशाला दाखवलंत?"

शिरीष दारात उभा राहून ऐकत होता. त्यानं विचारलं, नलिनीला हे माहीत आहे का. मी नाही म्हटलं. तो मान हलवून आत गेला आणि मी निघेपर्यंत बाहेर आला नाही.

घरी आल्यावर मी नलूला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं एकच विचारलं, "म्हणजे पहिल्यापासून सगळं जुळत होतं?" मी हो म्हटलं. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. त्या क्षणी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणाला तरी याची किंमत मोजायला लावल्याशिवाय मला झोप लागणार नव्हती, आणि ते कोण हे मला चांगलं ठाऊक होतं.

ज्या प्रोग्रॅमवर मी पत्रिका छापत होते त्याचं नाव 'जन्मवेध'. तो लिहिणारा आणि विकणारा माणूस एकच, सांगलीचा गिरीश ओगले. बँकेतली नोकरी सोडून त्यानं हा उद्योग मांडला होता. दोन वर्षांपूर्वी तो स्वतः बार्शीला येऊन माझ्या संगणकावर प्रोग्रॅम चढवून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "बाई, एकदा घेतलंत, आता जन्माची काळजी मिटली." सहा हजार रुपये मोजले होते मी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी त्याला फोन लावला. नलू समोर बसून पत्रिकांना फिती बांधत होती.

ओगलेनं झटकलं नाही. ती त्रुटी होती, असं त्यानं शांतपणे मान्य केलं. "दुसऱ्या आवृत्तीत काढून टाकलीय ती. तुम्ही अजून पहिलीच वापरताय. अठराशेची मनीऑर्डर करा, मी लगेच फ्लॉपी पाठवतो."

"चूक तुमची आणि पैसे मी भरायचे?"

"पैसे त्या चुकीचे नाहीत, बाई. आठ महिने खपून मी नवी आवृत्ती लिहिलीय. दशा आहेत, गोचर आहे, मुहूर्त आहेत. स्कूटर घेतली तरी सर्व्हिसिंगला पैसे देताच ना आपण?"

"कारखान्यातून स्कूटर बिनब्रेकची आली, तर ब्रेक बसवायचे पैसे घेतात का?"

 मग तो म्हणाला की त्यानं हे काही लपवून ठेवलं नव्हतं. दिवाळीतच सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र गेलं होतं, आणि त्यात अकराव्या मुद्द्यात स्वच्छ लिहिलं होतं की रात्री बारा ते एकच्या जन्मवेळेची दुरुस्ती केली आहे.

"मला पत्र आलं नाही," मी म्हटलं.

"पोस्टाचा दाखला आहे माझ्याकडे."

"दाखला तुमच्याकडे असेल. पत्र माझ्याकडे नाही."

मग मी त्याला नलूचं सांगितलं. शिरीष, एकनाड, मांडवाचे खांब, सगळं.  तो हळू म्हणाला, "फार वाईट झालं." मी वाट बघत होते. तो पुढे म्हणाला, "तुमच्यासाठी हजारात देतो."

मी फोन ठेवला. माझ्या बहिणीच्या मोडलेल्या लग्नावर आठशे रुपयांची सूट मिळाली होती. या माणसाला मातीत घालायचं, चारचौघांत घालायचं, हे मी तिथंच ठरवलं.

संधी चालत आली. त्यानंच छापलेलं निमंत्रण दहा दिवसांनी टपालानं आलं. सोलापूरला जूनमध्ये ज्योतिषांचं संमेलन होतं आणि तिथं अध्यक्षांच्या हस्ते 'जन्मवेध'च्या तिसऱ्या आवृत्तीचं प्रकाशन होतं. मधले बारा दिवस मी इतक्या उत्साहात होते की काय सांगू. पोळ्या लाटताना मी वाक्यं जुळवायची. कुठलं वाक्य आधी, कुठं थांबायचं, त्यानं असं म्हटलं तर आपण काय म्हणायचं. रस्त्यानं चालताना ओठ हलायचे आणि लोक बघायचे. माझ्या आयुष्यात तोवर मी कशाचीही इतक्या आतुरतेनं वाट पाहिली नव्हती.

नलूला मी सोबत चल म्हटलं. ती नको म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्यासाठीच करतेय ना सगळं? तूच नसलीस तर माझं बोलणं कोण खरं मानेल?"  मग तिनं ट्रंकेतून साडी काढली. शिरीष बघायला आला तेव्हा नेसलेलीच होती ती, हे गाडीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं.

संमेलन एका मंगल कार्यालयात होतं. दोनशे-अडीचशे माणसं, बहुतेक टोप्या आणि उपरणी, मधूनमधून माझ्यासारखे संगणकवाले. अध्यक्ष नगरचे एक ऐंशीच्या घरातले ज्योतिषी होते, अण्णासाहेब म्हणत सगळे त्यांना. दाराशी ओगलेची बायको टेबल मांडून फ्लॉप्यांचे डबे रचत होती. डब्यांना तिनं घरीच शिवलेल्या जरीच्या पिशव्या होत्या. तिनं आम्हा दोघींना पेढा दिला आणि मी तो खाल्लाही.

ओगले व्यासपीठावर चांगलं बोलला. फाटका माणूस, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. एकट्यानं चारशे बारा ज्योतिषांना संगणकावर बसवलं म्हणून टाळ्या पडल्या. मग तो म्हणाला, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारावं. मी उठले, सरळ व्यासपीठावर गेले आणि काचेवरून खरवडून काढलेली ती पत्रिका अण्णासाहेबांच्या हातात दिली.

"अण्णासाहेब, हा जन्म दिवसाचा की रात्रीचा, एवढं सांगता का?"

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "भर दुपारचा. रवी दशमात आहे."

"वर छापलेली वेळ वाचा."

त्यांनी वाचली, आणि मग मोठ्यानं वाचली. "रात्री बारा वीस." सभागृहात आधी खसखस पिकली. दोनशे माणसांना एका क्षणात कळलं होतं, जे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं. मी हसणं संपू दिलं. मग पहिल्या रांगेत बसलेल्या नलूकडे बोट केलं.

"ही ती मुलगी. माझी सख्खी बहीण. या कागदानं हिला चित्रा नक्षत्र दिलं, मध्य नाड दिली, आणि हिचं ठरलेलं लग्न मोडलं. खरं नक्षत्र हस्त. मुलाचं लग्न झालं दुसरीकडे. हे जन्मवेधवाले म्हणतात, चूक आम्हाला माहीत होती. दुरुस्ती हवी तर अठराशे रुपये टाका."

आता कुणी हसत नव्हतं. सगळे माना वळवून नलूला बघत होते. ती पदर घट्ट धरून समोर बघत बसली होती. मला वाटलं, बघू देत, बघितल्याशिवाय याची लाज कशी निघणार.

ओगलेनं समजावायचा प्रयत्न केला. प्रोग्रॅम म्हणजे पुस्तकासारखा छापून मोकळं होता येत नाही, दर वर्षी संगणक बदलतात, गिऱ्हाइकांचे फोन चालूच असतात, एकदा घेतलेल्या पैशावर जन्मभर राबायचं तर घर कशावर चालवायचं. सगळं खरंच होतं. दुसऱ्या कुणी, दुसऱ्या दिवशी हे सांगितलं असतं तर मीही मान डोलावली असती. अण्णासाहेबांनी त्याला हातानं थांबवलं.

"नव्या गोष्टींचे पैसे जरूर घ्या," ते म्हणाले. "पण चुकीचं काय? चूक झाली हे तरी गिऱ्हाइकाला कळवलंत का?"

"कळवलं होतं," ओगले म्हणाला. त्यानं खिशातून पोस्टाच्या दाखल्यांचा जुडगा काढून वर धरला. "दिवाळीत चारशे बारा पत्रं पाठवली. अकरावा मुद्दा हाच होता. बाई, तुम्हालाही पाठवलं होतं."

"मला आलं नाही," मी म्हटलं.

त्यानं सभागृहाकडे तोंड केलं. "इथं माझी तीसेक गिऱ्हाइकं बसली आहेत. ज्यांना ज्यांना पत्र मिळालं, त्यांनी कृपा करून हात वर करा."

 मी व्यासपीठावरून एकेकाचा चेहरा बघत होते. तिसऱ्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थाचा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथून डोकं खाजवायला गेला. बाकी कुणी हललं नाही. कोण हलणार? पत्र मिळालं म्हणणाऱ्याला लगेच कुणीतरी विचारलं असतं, मग दिवाळीनंतर रात्री बाराच्या किती पत्रिका छापल्यास, आणि कुणाकुणाच्या घरी दिल्यास. तीस जणांपैकी प्रत्येकाच्या गावात एखादी नलू होतीच. ओगले एकेका ओळखीच्या चेहऱ्याकडे बघत गेला आणि प्रत्येकानं खाली बघितलं.

शेवटी त्याची नजर पहिल्या रांगेवर आली. "ताई," तो नलूला म्हणाला, "तुम्ही त्यांच्याच दुकानात बसता ना? तुम्हीच फोन उचलता बऱ्याचदा. तुम्ही तरी सांगा, पत्र आलं होतं?"

नलू उठून उभी राहिली. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"नाही आलं," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिथं संपला तो. अण्णासाहेबांनी जाहीर केलं की सगळ्या गिऱ्हाइकांना दुरुस्ती फुकट मिळेपर्यंत संमेलनाच्या दारात या प्रोग्रॅमची विक्री होणार नाही. ओगले मान खाली घालून म्हणाला, पाठवतो, सगळ्यांना नवी आवृत्तीच फुकट पाठवतो. टाळ्या झाल्या. ज्यांनी हात वर केला नव्हता त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. आम्ही बाहेर पडलो तेव्हा त्याची बायको जरीच्या पिशव्या पुन्हा खोक्यात भरत होती. तिनं वर पाहिलं नाही. मला इतकं गोड वाटत होतं की मी नलूला रसपान गृहात नेऊन मोसंबी रस पाजला.

परतीच्या एसटीत उन्हं कलली होती. नलू खिडकीशी बसली होती. मी सगळं पुन्हा रंगवून सांगत होते, तो कसा पांढरा पडला, जाड्यानं कसं डोकं खाजवलं. वैरागच्या पुढे कुठंतरी तिनं बाहेर बघतच म्हटलं, "पत्र आलं होतं, ताई."

मी तिच्याकडे वळले.

"धनत्रयोदशीच्या दिवशी आलं. मीच फोडलं. अकरावा मुद्दा मीच तुला वाचून दाखवला. माझा जन्म रात्री बारानंतरचा आहे ना, असंही म्हटलं होतं मी."

मला सगळं आठवत होतं. त्या दिवसापासून आठवत होतं, गुरुजी काचेशी उभे होते तेव्हाही आठवत होतं. मी मशीनवर बसले होते, समोर गिऱ्हाईक होतं, आणि मी न बघताच म्हटलं होतं, पैसे उकळायचे धंदे आहेत सगळे, टाक डब्यात. तिनं टाकलं होतं. फोनवर ओगलेनं पत्राचा विषय काढला तेव्हा 'आलं नाही' हे माझ्या तोंडून आपोआप निघालं, आणि एकदा निघाल्यावर मला तेच खरं वाटायला लागलं. खरं वाटलं नसतं तर त्या अठराशे रुपयांकडे मला रोज बघावं लागलं असतं.

"मग तिथं खोटं का बोललीस?" मी विचारलं.

"त्यानं चूक करून विकली. तो सुटायला नको होता."

"आणि मी?"

"तुझं मी बघेन," नलू म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं तिनं ते सांगितलं. 

पुढे महिनाभर माझंच राज्य होतं. सोलापूरच्या एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. जिल्ह्यातल्या संगणकवाल्यांनी मंडळ काढून मला अध्यक्ष केलं आणि शाल दिली. त्या कार्यक्रमात नलू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती, माझ्याकडे बघत, हसऱ्या चेहऱ्यानं, सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावरही थोडा वेळ. फुकट फ्लॉपी आली, तिच्यात रवी चौथ्या घरात गेला. पुढची आवृत्ती कधीच आली नाही. ओगले कुठल्याशा साखर कारखान्यात कारकून झाल्याचं वर्षभरानं कळलं.

ऑगस्टमध्ये नलूनं पुण्याला एका कंपनीत नोकरी धरली. मी हिच्याशिवाय दुकान कसं चालवू म्हणून आकांत केला, पण ती गेली. तिथून दर महिन्याला तिचं पत्र यायचं. हवा कशी आहे, खानावळ बदलली, तब्येतीला जप. दिवाळीला साडी पाठवायची. दोन वर्षं असं चाललं आणि मी मनाशी म्हटलं, विसरली. राग असता तर एवढी पत्रं कोण लिहील?

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, एका सकाळी मी नुकतंच दुकान उघडलं होतं आणि फोन वाजला. पुण्याहून मावशी बोलत होती, आमची सोलापूरची मावशी. मागे बायकांचा गलका आणि सनईची कॅसेट ऐकू येत होती.

"अगं सुलभा, तू आहेस कुठं? मुहूर्त दहा वीसचा आहे. सख्खी बहीण तू, आणि तुझ्याशिवाय अक्षता टाकायच्या का आम्ही?"

मला आधी कळेचना. मग मावशीला कळलं की मला काही माहीत नाही, आणि ती गडबडली. नलूचं लग्न होतं. ऑफिसमधला मुलगा, पत्रिका बघितलीच नव्हती कुणी. निमंत्रण सगळ्यांना पंधरा दिवसांपूर्वी पोचलं होतं, मावशीला, वैरागच्या आत्यांना, अगदी आमच्या गल्लीतल्या जोशीकाकूंनासुद्धा. जोशीकाकू रोज माझ्यासमोरून जात होत्या आणि मला वाटत होतं त्या माझ्याकडे बघून उगाच हसतात. टपालाचा एकेक कागद मी हल्ली स्वतः फोडत असे. काही आलं नव्हतं.

मी मावशीला म्हटलं, नलूला फोनवर बोलाव. मावशी म्हणाली, अगं, मुंडावळ्या बांधल्यात तिला. मी म्हटलं, तरी बोलाव. बार्शीहून पुण्याला पाच तास लागतात आणि घड्याळात सव्वानऊ वाजले होते.

बांगड्यांचा आवाज आला, मग नलूचा.

"ताई."

"नलू, मला का नाही कळवलंस?"

"कळवलं होतं," ती म्हणाली. "पत्रिका पाठवली होती तुला. सगळ्यात आधी तुझीच टाकली. आली नाही का?"

 मग ती तशाच शांत आवाजात म्हणाली, "पोस्टाचा दाखला आहे माझ्याकडे."

सनई वाजत होती. कुणीतरी तिला हाका मारत होतं. तिला काय ऐकायचं आहे हे मला कळत होतं, आणि ती ते ऐकल्याशिवाय फोन ठेवणार नाही हेही कळत होतं. तीन वर्षांत मी ते एकदाही म्हटलं नव्हतं, तिला नाही, ओगलेला नाही, कुणालाच नाही.

"आली होती, नलू," मी म्हटलं. "मीच न वाचता टाकून दिली."

"बरं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.